सावलीचा प्रायोजक

३ जुलै

प्रिय टिल्लू,

तू आता मोठ्या कंपनीच्या जनसंपर्क विभागात अधिकारी झालास, दारातून शिरताना मान वाकवतोस, तरी मी तुला टिल्लूच म्हणणार. आतेबहिणीला तेवढा हक्क आहे. फोनवर तू 'हो ताई, बघतो ताई' म्हणतोस आणि सगळं हवेत विरून जातं, म्हणून लिहिते आहे. कागद टेबलावर पडला की टोचत राहतो.

माझं काम तुला ठाऊक आहे. नोव्हेंबरातल्या प्रदर्शनासाठी इथलं कलादालन मिळालंय, तीन खोल्या. पहिलीत नुसते आवाज: लोकांची पावलं, जिन्यावरची, फरशीवरची, ओल्या वाटेवरची. दुसरीत चारी भिंतींवर चित्रफिती. तिसरी माझी जीव लावलेली. तिथे एक मोठी पांढरी भिंत आणि समोर प्रखर दिवा. तू आत आलास की तुझी सावली भिंतीवर पडते, कॅमेरा ती टिपून ठेवतो. तू निघून गेलास, दुसरं कुणी आलं, की प्रोजेक्टर तुझी साठवलेली सावली त्यांच्या सावलीशेजारी सोडून देतो. माणूस घरी गेला, सावली इथेच फिरतेय. शाळेच्या हॉलमध्ये करून पाहिलं. दंगा करणारी पोरंसुद्धा गप्प झाली.

घोडं अडलंय ते प्रायोजकापाशी. रंगांच्या कंपनीतले म्हणाले, "बाई, सावली काळी असते, आम्ही रंग विकतो." बिस्किटवाल्यांनी विचारलं, मधूनच आमच्या पुड्याची सावली जाईल का. एका बँकेने मला पुन्हा पुन्हा बोलावलं आणि दर वेळी मी नेमकं काय करते हेच विचारलं. चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरी मी याच कामासाठी सोडली. प्रायोजक नाही मिळाला तर दालन फर्निचरच्या सेलला जाईल आणि मामा माझ्याबद्दल जन्मभर जे म्हणत आले ते खरं ठरेल.

तुमची कंपनी दिवे बनवते. दिव्याशिवाय सावली नाही. मला तुमच्या मोठ्या साहेबांसमोर एकदा उभी कर. पुढचं मी बघेन.

ताई


१२ जुलै

ती. ताईस नमस्कार.

कागद टोचला. बाबांना सांगितलं नाही, निश्चिंत राहा.

माझे वरिष्ठ म्हणाले, "दिव्यांच्या कंपनीने सावलीवर पैसा घालायचा म्हणजे दिव्याखालचा अंधार छापून वाटायचा." मग मी त्यांना वळसा घालून तुझं टिपण सरळ साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते वाचलं, बाजूला ठेवलं, परत उचलून वाचलं. मग विचारलं, "माणूस गेल्यावर सावली किती वेळ राहते?" मी म्हटलं, यंत्र चालू असेपर्यंत. म्हणाले, "बोलवा त्यांना."

आता नीट ऐक. 'संकल्पना' हा शब्द तोंडातून काढू नकोस, त्यांना त्याची चीड आहे. सरळ यंत्र लाव आणि दाखव. आणि त्यांच्या घरचा विषय काढू नकोस. बाईसाहेब नसतात आता. ऑफिसात त्यांचं नाव कुणी घेत नाही, तूही घेऊ नकोस.

सभागृहाची भिंत पांढरी आहे. तिच्यावरचं घड्याळ मी उतरवून ठेवतो.

तुझा टिल्लू


३० जुलै

ताई,

काल तू सामान आवरून लगेच गाडी गाठलीस, बोलता आलं नाही. मानलं तुला.

मी बटणांपाशी होतो, म्हणून सगळ्यांचे चेहरे मला दिसत होते. आधी आम्ही भिंतीसमोरून चाललो, मग खुर्च्यांवर बसलो आणि आमच्या सावल्या आमच्याविना चालायला लागल्या. वरिष्ठांची सावली कान खाजवताना दिसली तेव्हा ते स्वतःच हसले. इथपर्यंत मला वाटलं, काम झालं तर झालं.

पण ती शेवटची बाई. सडपातळ, साडीतली, डावा हात कमरेवर, मान किंचित कलती, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तशी. ती उजवीकडून आली आणि मधोमध थांबली. साहेब उठून उभे राहिले. वरिष्ठांनी मला दिवे लावायची खूण केली तर साहेब हळू आवाजात म्हणाले, "लावू नका. राहू द्या." ती गेल्यावरही ते कितीतरी वेळ बसले नाहीत.

आज सकाळी मंजुरी आली. सगळ्या प्रदर्शनाची, काटछाट न करता.

बाईसाहेबांचा फोटो तुला कुणी दिला ते मात्र मला सांगू नकोस. मी दिलेला नाही, एवढं मला शपथेवर म्हणता आलं पाहिजे.

टिल्लू


६ ऑगस्ट

टिल्लू,

मला वाटत होतं ते तू केलंस. ऑफिसातल्या कुणा बाईला दिव्यासमोर उभं केलंस, साहेबांना पाझर फुटावा म्हणून. तुला चांगलं झापायचं ठरवून मी घरी आले होते.

माझ्याकडे कसला फोटो नाही. त्यांना मी जन्मात पाहिलेलं नाही. पत्र आल्यावर यंत्रात साठवलेलं सगळं पुन्हा लावून पाहिलं. तू आहेस, तुझे वरिष्ठ आहेत, साहेब आहेत, तारा ओढणारी मी आहे. त्यापुढे कोरी भिंत. प्रोजेक्टर काय दाखवणार, तर जे साठवलंय ते. ती साठवलेली नाही.

आणि ते चित्र नव्हतं रे. तिच्या पदराचं टोक वाऱ्याने हलावं तसं हलत होतं. पंखे मी मुद्दाम बंद करायला लावले होते, आठवतं ना?

हे सगळं साहेबांना कळवायला हवं होतं. पण कराराचे कागद त्याच टपालात आले. मी सही करून पाठवले. दालनाचे लोक भाड्यासाठी दाराशी बसले होते, काय करू?

ताई


१६ ऑगस्ट

ताई,

ते करणारा मी नव्हतो. आपण दोघंही नव्हतो, तर एवढ्यावर हा विषय बंद करू. फार खोलात शिरलं की पाय टेकत नाहीत.

एक अट तोंडी आली आहे. भिंत उभी राहिली की उद्‌घाटनाच्या आधीचे दिवस साहेब तिथे येऊन राहणार. दुपारी तिसऱ्या खोलीत एकटे बसणार. तू हो म्हण. गावात चांगलं हॉटेल आहे का तेवढं कळव.

टिल्लू


४ ऑक्टोबर

प्रिय टिल्लू,

साहेब येऊन बरेच दिवस झाले. रोज जेवणं उरकल्यावर येतात, बूट दाराबाहेर काढतात. मी सांगितलं, इथे बूट चालतात. म्हणाले, "असू दे."

ती येते. ते खुर्चीवर बसले, दिवा लागला, की थोड्या वेळाने भिंतीच्या उजव्या कडेपाशी काळोख जमल्यासारखा होतो आणि त्यातून ती बाहेर पडते. मी शेजारच्या खोलीत तारा जोडत असते, मधलं दार उघडं असतं. पहिल्या दिवशी माझ्या हातातली पक्कड खाली पडली. आता पडत नाही, पण अंगावर काटा येतो तो येतोच. परवा मी दिव्यासमोरून गेले. माझी सावली तिच्या सावलीवरून सरकली तर ती बाजूला झाली, अरुंद जिन्यात समोरच्याला वाट द्यावी तशी. माझा खांदा दिवसभर गार होता.

साहेब तिच्याशी बोलतात. मोठं काही नाही. अमक्या दाराची कडी बसवून घेतली, चष्मा बदलला, जिन्याखालची मांजर मेली. ती मान कलती करून ऐकते. काल मला त्यांनी आत बोलावलं. "तुम्हालाही दिसते ना?" मी म्हटलं, "दिसते." ते म्हणाले, "मला वाटलं होतं, म्हातारचळ लागला. इथे ती मला ओळखते बरं का. इथे ओळखते." डोळे पुसून लगेच रुमाल खिशात घातला.

तो 'इथे' मला समजला नाही. गेलेलं माणूस इथे ओळखतं, तर मग ओळखत नव्हतं ते कुठे?

आणखी एक. ती दाट होत चालली आहे. सभागृहात होती तेव्हा धुरासारखी होती. आता तिच्या बांगड्यांची कडसुद्धा भिंतीवर दिसते. मला यंत्र लावायची भीती वाटू लागली आहे. बाईसाहेब कशाने गेल्या? तुला माहीत असणार. लपवू नकोस.

ताई


१० ऑक्टोबर

ताई,

बाईसाहेब गेलेल्या नाहीत.

'नसतात' असं मी लिहिलं, तू जे समजलीस ते मला कळलं होतं, आणि मी तसंच राहू दिलं. तू खरं जाणून साहेबांसमोर उभी राहिलीस तर बोलताना अडखळशील, तुझं काम फिसकटेल, असं वाटलं. त्या इथल्याच एका शुश्रूषागृहात आहेत. बरीच वर्षं झाली. आधी विसरायला लागल्या, मग पाय गेले. फळं आणि कपडे घेऊन मला पाठवतात. साहेब स्वतः जात नाहीत. का, ते विचारायची माझी पायरी नाही.

तुझं पत्र आल्यावर मी फळांचं निमित्त काढून काल दुपारी गेलो. दाराशीच सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, "बरं झालं आलात, मी तुमच्या ऑफिसला कळवणारच होते." गेला महिनाभर बाईसाहेबांना दुपारी झोप लागते ती झोप म्हणवत नाही. हलवलं तरी जागच नाही. संध्याकाळी डोळे उघडतात, तेव्हा तळवे धुळीने भरलेले असतात. वर्षानुवर्षं जमिनीला न लागलेले पाय, ताई. सिस्टर रोज पुसतात. आधी त्यांनी साफसफाई करणाऱ्या बाईला रागावून पाहिलं. जेवणही तुटलंय. चेहरा चिपाडासारखा झालाय.

मी थांबलो. त्या जाग्या झाल्यावर सिस्टरनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि केस विंचरायला घेतले. खिडकीतून उन्हाची तिरीप सरळ आत येत होती. समोरच्या भिंतीवर सिस्टरची सावली पडली होती, हातातल्या फणीसकट. खुर्चीचीही पडली होती. फणी वरून खाली येत होती आणि तिच्याखाली काही नव्हतं. सिस्टर हवा विंचरत होत्या.

मी खुर्चीत बघितलं, बाईसाहेब होत्या. भिंतीवर बघितलं, नव्हत्या. सिस्टरनी माझ्याकडे पाहून विचारलं, "पाणी हवंय का?" मी मान हलवली आणि बाहेर आलो.

ते यंत्र बंद कर. प्रायोजक गेला तर जाऊ दे. मी माझ्याकडून काय जमेल ते बघतो.

टिल्लू


१६ ऑक्टोबर

टिल्लू,

पत्र हातात पडलं तेव्हा साहेब आत बसले होते आणि ती भिंतीवर होती. मी जाऊन प्रोजेक्टर बंद केला.

ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सुरू करा. नाहीतर उद्यापासून कंपनीचा या प्रदर्शनाशी संबंध राहणार नाही." मी म्हटलं, "चालेल." मग मोठा दिवाही मालवला.

ती गेली नाही. यंत्र बंद, दिवा बंद, दारातून येईल तेवढाच उजेड, आणि ती आपली भिंतीवर उभी. तेव्हा मात्र साहेबही खुर्चीतून उठले.

मी तुझं पत्र त्यांच्यासमोर वाचलं. तळव्यांच्या धुळीपाशी आले तेव्हा ते म्हणाले, "पुरे." मग सांगू लागले. ते काही वर्षं जात होते. दर वेळी ती त्यांच्याकडे बघून सिस्टरना विचारायची, हे कोण? एकदा घाबरून तिने उशी छातीशी धरली. त्यानंतर त्यांना त्या दारापर्यंत जाववलं नाही. "कारखाना चालवला, संप मिटवले, पण त्या प्रश्नाला उत्तर देता येईना," म्हणाले.

मग भिंतीकडे वळून तिला म्हणाले, "तू घरी जा. तिकडे तुझे हाल चाललेत." ती कडेपर्यंत गेली. कडेला हात लावून चाचपत राहिली, अंधारात दाराची कडी शोधावी तशी. आणि परत येऊन मधे उभी राहिली. तिला वाट सापडत नाही, टिल्लू. आणलं आपण, नेता मात्र येत नाही.

आज यंत्राला कुणी हात लावलेला नाही, तरी ती आहेच. म्हणून एकच उरतं. बाईसाहेबांनाच इकडे आणायचं. सोबत साहेबांची चिठ्ठी आहे. ती डॉक्टरांना दे.

ताई


१९ ऑक्टोबर

ताई,

डॉक्टर म्हणतात, एवढा प्रवास झेपेल याची ते हमी देत नाहीत. आणि न्यायचं नसेल तर इथे किती दिवस, त्याचीही देत नाहीत. आता त्या संध्याकाळीही धड जाग्या होत नाहीत.

परवा सकाळी निघतो. सिस्टर बरोबर येतायत. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी भिंतीकडे कधी बघितलंच नाही हो. माझं लक्ष गुंत्याकडे असतं."

दुपारपर्यंत पोचू. मागचं रुंद दार उघडून ठेव.

टिल्लू


२७ ऑक्टोबर

प्रिय टिल्लू,

त्या दिवशी तू गाडीपाशीच थांबलास. आत यायला तुझं मन झालं नाही, त्यात कमीपणा काही नाही. मीही मध्ये एकदा डोळे मिटून घेतले होते. पण झालं ते तुला कळायला हवं.

सिस्टरनी खुर्ची आत आणली. बाईसाहेबांची मान छातीवर पडलेली, श्वास चाललाय की नाही ते वाकून बघावं लागत होतं. साहेब भिंतीला पाठ टेकून उभे होते, पांढरेफटक. मी नुसता दिवा लावला, यंत्र नाही. भिंतीवर खुर्ची उमटली: चाकं, दांडे, पाय ठेवायची पट्टी. आणि खुर्ची रिकामी.

ती दुसऱ्या टोकाला होती. खुर्ची बघून ती मागे सरली. अगदी कडेला जाऊन अंग चोरून उभी राहिली. बरोबरच आहे. इथे पाय आहेत, ओळख आहे, रोज ऐकायला नवरा आहे. कोण आपणहून तिकडे परत बसेल? सिस्टर म्हणाल्या, "नाडी मंदावतेय. काही करायचं असेल तर करा."

साहेब खुर्चीमागे आले. मला वाटलं हाक मारतील, विनवतील. त्यांनी फक्त खुर्चीचा ब्रेक नीट लावला, गुडघ्यावरची शाल सरळ केली आणि भिंतीकडे न बघता म्हणाले, "ये, बस. इथे मला ओळखलं नाहीस तरी चालेल. मी येत जाईन."

बराच वेळ काही नाही. मग ती हलली. एकेक पाऊल, दमलेल्या बाईसारखी. खुर्चीपाशी आली, वळली, एका हाताने दांडा धरला आणि हळूच टेकली. बसताना खुर्चीची सावली किंचित खाली दबली. समोरची खरी खुर्चीही कुरकुरली, ते मी ऐकलं आणि सिस्टरनीही ऐकलं.

बाईसाहेबांनी मान वर केली. खोल श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यावर घेतात तसा. इकडेतिकडे बघितलं. नजर साहेबांवर थांबली. मग त्यांनी सिस्टरना विचारलं, "हे कोण?"

मी साहेबांकडे बघू शकले नाही. ते खुर्चीसमोर येऊन उकिडवे बसले, या वयात. म्हणाले, "मी रोज दुपारी तुम्हाला भेटायला येणार आहे. चालेल ना?"

बाईसाहेबांनी विचार केला. "चालेल," म्हणाल्या. "पण उशीर करू नका."

त्याच गाडीतून ते परत गेले. तू समोर बसला होतास, तुला ठाऊकच आहे. करार त्यांनी मोडला नाही. कंपनीचं नाव बारीक अक्षरात, बाहेर पडायच्या दाराशी लावा, एवढंच कळवलंय.

तिसरी खोली उघडी ठेवू की बंद, मला ठरवता येत नाही. भिंत धुतली, दोनदा रंग दिला. आता काही नाही तिथे.

ताई


२५ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

उघडी ठेवलीस ते चांगलं केलंस. इथल्या वर्तमानपत्रात रांगेचा फोटो आलाय. बाबांनी तो कापून पाकिटात ठेवलाय आणि लोकांना दाखवताना म्हणतात, "आमच्या घराण्यात पहिल्यापासून कला आहे."

साहेब रोज जातात. दुपारच्या सगळ्या बैठका सकाळी आणल्या आहेत, त्यावरून वरिष्ठ धुसफुसतात. काल मला सही हवी होती म्हणून मी तिकडेच गेलो. बाईसाहेबांच्या अंगावर थोडं मांस चढलंय. साहेब समोरच्या स्टुलावर बसून बातम्या वाचून दाखवत होते. मी शिरलो तेव्हा नुकतंच "हे कोण?" होऊन गेलं असावं, कारण साहेब सांगत होते, "मी दुपारी येतो तो." बाईसाहेबांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. दोन्ही हात मांडीवर, शालीखाली.

ऊन तसंच तिरपं आलं होतं. मी भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवून आलो होतो. बघितलं. दोघांच्याही सावल्या होत्या, समोरासमोर. साहेबांची वाचत होती. बाईसाहेबांच्या सावलीने हात पुढे केला होता आणि ती साहेबांच्या सावलीच्या शर्टाची दुमडलेली कॉलर नीट करत होती. सावकाश, आधी एक बाजू, मग दुसरी.

मी पुन्हा खुर्चीकडे पाहिलं. शाल हललीसुद्धा नव्हती.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काय बघताय?"

"काही नाही साहेब," मी म्हटलं. "ऊन चांगलं आलंय."

सिस्टर पडदा ओढायला उठल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, राहू द्या.

तुझा टिल्लू